न चावणारा डास, चिलट की आणखी काही?

तळ्याकाठची: मालवणजवळच्या एका तळ्यावर लावायच्या फलकाचा मजकूर मराठीत करतेय. ‘नॉन-बायटिंग मिज’ला मी ‘न चावणारा डास’ लिहिलं. तपासणाऱ्या सरांचा लाल शेरा : ‘चावत नाही तो डास कसला? चिलट लिहा.’ पण आमच्याकडे चिलटं म्हणजे पिकल्या फणसावर घोंगावतात ती. काय लिहू?

जांभा: सरांचं बरोबर आहे. डास आला संस्कृत ‘दंश’वरून. न चावणारा डास हा वदतोव्याघात.

कोकणी मेवा: नर डास कुठे चावतो? त्याचं नाव काढून घेणार का?

भिंगवाला: आधी किडा बघा. काल पडवीतल्या ट्यूबखाली भिंतीवर एक बसला होता. डास बसला की मागचे पाय वर धरतो, याने पुढचे दोन हवेत उचललेले. रक्त शोषायची लांब सोंड नाही, पंखांवर खवले नाहीत. पिसासारख्या मिशांवर मात्र जाऊ नका, नर डासाच्याही तशाच असतात. यांच्यातल्या कायरोनॉमस या प्रजातीचं नाव जर्मन कीटकशास्त्रज्ञ माइगेनने १८०३ मध्ये ठेवलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हातवारे करणारा, मूकनाट्यातला नट.

जांभा: मग ‘हातवाऱ्या’ लिहा! अस्सल मराठी.

पडवी: आमची आजी घुंगुरटं म्हणायची. घुंगरांसारखा आवाज, म्हणून.

जांभा: घुंगरू नव्हे हो, घुं घुं करतं ते घुंगुरटं.

पडवी: आजी असती तर तिलाच सांगितलं असतंत.

बावीवरचो: आमच्याकडे मुरकुटां. बावीच्या तळाक चिखलात तांबडे किडे आसतत ते हेंचेच काय? आये तेंका नारू म्हणायची.

भिंगवाला: हो, याच्याच अळ्या असणार. चिखलाची नळी करून आत राहतात. तळाशी प्राणवायू कमी, म्हणून अंगात हिमोग्लोबिन, त्याचा तो लाल रंग. नारूशी नातं नाही. तो जंत पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवामधून पोटात जायचा. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

कोकणी मेवा: तरी नारूच्या भीतीने पाणी गाळायचं आमच्या घरचं हंड्यावरचं फडकं काही सुटलं नाही. नळ येऊन वीस वर्षं झाली. दुहेरी घडी नसेल तर आई अजून पाणी ओतून देते.

बावीवरचो: आमच्याकडे जुन्या धोतराचा फडका. नव्यात्सून पाणी उतरणा नाय.

तळ्याकाठची: मंडळी, फलक सोमवारी छापायला जातोय. सर आता ‘अदंशी मशक’वर आलेत.

जांभा: वा! हाच शब्द.

पडवी: मशक म्हणजे भिस्त्याची पखाल ना?