मदत हवी आहे : पहिल्या ट्रायथलॉनसाठी वेटसूट कुठला घ्यावा? (दहाच आठवडे उरलेत)

अडकलेला_मावळा :
नमस्कार मंडळी. पहिली ट्रायथलॉन (पोहणं, सायकल, पळणं, सगळं सलग) दहा आठवड्यांवर आली आहे. फी भरून झाली, आता परत मिळणार नाही. पळणं आणि सायकल ठीक आहे. पोहताना मात्र ३०० मीटरला दम तुटतो आणि थांबावंच लागतं. वेटसूट (पोहायचा घट्ट रबरी पोशाख) घातला की माणूस आपोआप तरंगतो म्हणे. पंधरा-वीस हजारांत कुठला घ्यावा? मागवायला वेळ लागतो म्हणून जरा लवकर सांगा. "आधी पोहायला शीक" एवढं सांगू नका, पोहता येतं.

खारं_पाणी :
कुठली स्पर्धा, किती अंतर, समुद्र की तलाव? फ्रीस्टाइल की ब्रेस्टस्ट्रोक? १०० मीटरला किती वेळ लागतो? यातलं काहीच लिहिलेलं नाही. उत्तर कशाच्या जिवावर द्यायचं?

नदीकाठी_बसून :
वेटसूटचे पैसे वाचवा. आयर्नमॅनच्या (लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉन स्पर्धांच्या) नियमांत पाणी २४.५ अंशांच्या वर गेलं की वेटसूटवाला बक्षिसाच्या हिशोबातून बाद, आणि २८.८ च्या वर तर घालायलाच बंदी. गोव्यात मिरामारचं पाणी कोमट. आपले तलावही थंडीचे दोन महिने सोडले तर तसेच. कोमट पाण्यात पाच मिलिमीटरचं रबर अंगावर चढवलं की उकडून निघाल, दम आणखी लवकर लागेल. आयोजकांनी पाठवलेली माहितीपुस्तिका आधी वाचा, त्यात लिहिलेलं असतं.

इतिहासप्रेमी :
चांगला विषय. पहिली आधुनिक ट्रायथलॉन १९७४ साली सॅन दिएगोच्या मिशन बेमध्ये झाली. आयर्नमॅन १९७८ ची, हवाईतल्या ओआहू बेटावर. तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकापाठोपाठ जोडल्या : १५ जण उतरले, १२ पोचले. ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला २००० साली, सिडनीत. मराठीत याला काय म्हणावं? त्रिशर्यत?

खारं_पाणी :
धागाकर्त्याला दम लागतोय हो. बारसं नंतर करू.

अडकलेला_मावळा :
ऑलिंपिक अंतर आहे, १.५ किमी पोहणं, ४० सायकल, १० पळणं. तलावात. फ्रीस्टाइल. वेळ मोजलेली नाही. वेटसूट बाद म्हणता, मग करू काय?

डॉक्टरीण_धावते :
फुप्फुसाचा प्रश्न असता तर पळतानाही आला असता, तिथे तुम्ही ठीक आहात. (पळताना किंवा पाण्यात छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर मात्र आधी ईसीजी, मग पोहणं.) बहुतेक लोक पाण्याखाली श्वास धरून ठेवतात. डोकं वळवलं की अर्ध्या सेकंदात सोडायचाही आणि घ्यायचाही, मग दोन्ही अर्धवट. आत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुदमरल्यासारखं होतं. ऑक्सिजन पुरेसा असतो, तरी मेंदू घाबरतो. उपाय : चेहरा पाण्यात गेल्याबरोबर नाकातून बुडबुडे सुरू, बारीक पण अखंड. शेवटचा झटका तोंडातून, तो सोडत सोडतच डोकं वळवायचं. वर आल्यावर फक्त घ्यायचं. आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून वीस वेळा करा, मग पोहताना.

चाकभर_हवा :
आणि पाय कमी मारा. पळणाऱ्यांचे घोटे ताठ असतात, पाऊल मागे वळत नाही, त्यामुळे जितकी लाथ जोरात तितका दम जास्त आणि वेग तेवढाच. हाताच्या एका पूर्ण फेरीला दोनच हलक्या किक. नजर तळाकडे, समोर नाही. समोर बघितलं की कंबर बुडते आणि नांगर ओढल्यासारखं होतं. पण तुम्ही "सायकल ठीक आहे" एवढ्यावर मिटवलंत. कुठली सायकल?

अडकलेला_मावळा :
सायकलचा प्रश्नच नाही हो. साधी एमटीबी (माउंटन बाइक) आहे, २६ इंची, पुढे सस्पेन्शन. शनिवार-रविवार ३० किमी होतात.

वाऱ्यावरची_स्वारी :
हा खरा प्रश्न! रोड बाइक घ्या, सेकंड हँड चालेल. एमटीबीवर ४० किमी म्हणजे शिक्षा.

चाकभर_हवा :
लगेच पन्नास हजारांचा खड्डा नको. खाचाखाचांचे १.९५ इंच रुंद टायर काढा, २६ x १.५ चे गुळगुळीत टाका, हवा ६०-६५ पीएसआय. सस्पेन्शनला लॉक असेल तर लावा. सीट वर घ्या : पेडल सगळ्यात खाली असताना टाच ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. बहुतेकांची दोन-तीन इंच खाली असते, मग मांड्या भरून येतात आणि पळताना रडतात. एवढ्यावर पहिली स्पर्धा निघते.

वाऱ्यावरची_स्वारी :
निघते, पण उतारावर लोक तुमच्या बाजूने गोळीसारखे जातील.

चाकभर_हवा :
जाऊ देत की. त्याला कुठे पहिला यायचंय? दाबून चालवून दहा-बारा मिनिटं वाचवली तरी ती पळताना व्याजासकट वसूल होतात. शनिवारी सायकलवरून उतरल्या उतरल्या बूट बदलून १५ मिनिटं पळा, पाय लाकडाचे वाटतात ते घरीच कळलेलं बरं.

गणपतराव६१ :
मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिकला अख्खी आयर्नमॅन पूर्ण केली, वय ४९. ते अनवाणी धावतात. बूट टाकून द्या, गुडघ्यांचा त्रास सुटेल. आणि ओआरएसचं पाकीट ठेवा, बाकी काही लागत नाही.

डॉक्टरीण_धावते :
दहा आठवड्यांत अनवाणी सुरुवात केली तर पोटऱ्या आणि पावलाची हाडं दुखावतील, गुडघे राहू द्या. आणि ओआरएस जुलाब झाल्यावर द्यायचं औषध आहे. एका लिटरमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखरेएवढी ऊर्जा. सायकलवर तासाला ४०-६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. लिटरभर पाण्यात पाच मोठे चमचे साखर, पाव चमचा मीठ, एक लिंबू : काम झालं. सोबत एक केळं किंवा दोन-तीन खजूर. शेंगदाण्याची चिक्की नको, घाटात तोंड कोरडं असताना चावता येत नाही आणि ठसका लागतो. जे काय खाणार ते आधी सरावात खाऊन बघा.

खारं_पाणी :
पाण्याकडे परत या. मावळे, तुम्ही ३०० मीटर कुठे पोहता? पूल किती लांब? कसे मोजता?

अडकलेला_मावळा :
सोसायटीचा पूल आहे. बारा लॅप. २५ चा पूल धरला, १२ गुणिले २५ म्हणजे ३००.

खारं_पाणी :
"धरला"? सोसायटीचा पूल २५ चा क्वचितच असतो. टेप घेऊन मोजा. शिवाय दर भिंतीला पाय लावून ढकलता ना? ते फुकटचं दोन-तीन मीटरांचं सरकारी अनुदान समजा, तलावात मिळत नाही.

पूल कितीही असो, सरळ अंतर वाढवत जाऊ नका. तुकडे करा आणि मधली विश्रांती कमी करत न्या. पहिले दोन आठवडे : ८ x ५० मीटर, मध्ये ३० सेकंद, आठवड्यातून तीनदा. वेग इतका हळू की आठव्यालाही बोलता यावं. मग १२ x ५०, विश्रांती १५ सेकंद. चौथ्या-पाचव्यात ६ x १००. सहाव्या-सातव्यात ४ x २००. आठव्यात ३ x ४००. नवव्यात एकदा सलग १५००. दहावा हलका. १०० मीटरला तीन मिनिटं लागली तरी १५०० ला पाऊण तास होतो. माहितीपुस्तिकेत कटऑफ (जास्तीत जास्त किती वेळ चालतो ते) बघा आणि त्यावरून ठरवा.

नदीकाठी_बसून :
हे सगळं पुलात. तलावात तळ दिसत नाही, रेघ नाही, बाजूने लाथा बसतात. दर आठ हातांनी फक्त डोळे वर काढून समोरचा बॉय (पाण्यातली तरंगती खूण) बघायचा, मग डोकं बाजूला वळवून श्वास. दोन्ही एकाच वेळी करायला गेलात की पाणी गिळणार. सुरुवातीला कडेला आणि मागे उभे राहा, पहिले १०० मीटर मुद्दाम संथ. घाबरलात तर पाठीवर उलटे व्हा, किंवा कयाक (सोबतची छोटी होडी) धरा. ती धरून पुढे सरकला नाहीत तर धरणं नियमात बसतं. ब्रेस्टने पोहणंही चालतं.

वाऱ्यावरची_स्वारी :
पुण्याचे असाल तर खडकवासल्यात एकटे उतरू नका बुवा. गाळ, वेली, आणि तिथे मनाई आहे.

नदीकाठी_बसून :
+१. ओळखीच्या गटाबरोबर, कयाक असेल तिथे, कमरेला नारंगी तरंगता फुगा बांधून. स्पर्धेआधी किमान तीनदा. मानेला व्हॅसलीन लावलं की हात पुसा, तीच बोटं गॉगलच्या काचेला लागली तर पुढचा तास धुक्यात. आणि सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा लागलेला हवा, उलट केलंत तर दंड होतो.

इतिहासप्रेमी :
त्रिशर्यत कुणालाच आवडलं नाही वाटतं.

अडकलेला_मावळा :
टेपने मोजला. १६ मीटर ८० सेंटिमीटर.

खारं_पाणी :
बारा लॅप म्हणजे २०१.६ मीटर. तीन लॅपला ५० धरा, हिशोब सोपा जाईल.

अडकलेला_मावळा :
म्हणजे मी समजत होतो त्याहूनही मागे आहे. असो. काल बुडबुडे करत तीन तीन लॅपचे आठ तुकडे केले, मध्ये मोजून ३० सेकंद थांबलो. आठवा झाला तरी दम तुटला नव्हता. वेटसूटचे पैसे शिल्लक आहेत. २६ x १.५ चे टायर घेतले तर जुन्या ट्यूब चालतील का?

चाकभर_हवा :
ट्यूबवर माप छापलेलं असतं. १.५ ते २.१ असं काही असेल तर चालतील, १.७५ पासून सुरू होत असेल तर नव्या घ्या, नाहीतर आत घडी पडते आणि तिथेच फुटते. एक जास्तीची ट्यूब, टायर काढायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर आणि छोटा पंप सीटखाली बांधा. आणि मागचं चाक काढून परत बसवायला शिका, स्पर्धेत दुसरं कुणी करून देत नाही.