‘फितूर’ म्हणावं की ‘घरभेदी’?

काजवा:
आम्ही काही जण ऑनलाइन माफिया खेळतो. त्यात काही जण छुपे माफिया असतात आणि रात्री एकाला मारतात; बाकीचे गावकरी दिवसा चर्चा करून, ज्याचा संशय येईल त्याला मतं देऊन फाशी देतात. वर्षभरातल्या डावांसाठी बक्षिसं द्यायची ठरली आणि विभागांची नावं मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. माफियाच्या बाजूने उत्तम खेळणाऱ्यासाठी मी ‘सर्वोत्कृष्ट फितूर’ लिहिलं. ज्याला ते मिळायची शक्यता होती, तोच म्हणाला, ‘मी कधी फितूर झालो? मला भूमिकाच ती आली होती.’ त्याला शब्द लागला हे जाणवलं. ‘घरभेदी’ चालेल का? शिवाय नियमावलीचं पहिलंच वाक्य ‘विभाग फेअर असावेत’ असं आहे. तिथे ‘न्याय्य’ लिहू की ‘निःपक्षपाती’?

जुनी वही:
त्याचं बरोबर आहे. फितूर व्हायला माणूस आधी आपला असावा लागतो. किल्लेदार फितूर होतो, वेढा घालणारा नाही. माफियातला खेळाडू पहिल्या रात्रीपासून त्यांचाच असतो. काही डावांत ‘कल्ट’ असतो, तो गावकऱ्याला मध्येच आपल्याकडे ओढतो. तो ओढला गेलेला गावकरी खरा फितूर, आणि ओढणारा फितवणारा. घरभेदी तर अगदीच उलटा. तो घरातलं गुपित बाहेर फोडतो, आणि माफियाचं सगळं कसब गुपित फुटू न देण्यात.

शंकेखोर:
फितूर मुळात आपला शब्दच नाही, अरबीतून आलेला. हिंदीत त्याचा अर्थ डोक्यातलं खूळ. इतका घसरडा शब्द कशाला? ‘कपटपटू’ करा. नेमका आहे, आपला आहे.

अडकित्ता:
‘कपटपटू’ कुणाच्या तोंडी बसणार? बक्षीस फारसी, माफिया सिसिलीचा. हा खेळ रचला १९८६ मध्ये मॉस्कोत मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफने, आणि त्यात माफियाच्या जागी लांडगे आणले १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉटकिनने. या सगळ्यांना आत घेऊन एकट्या ‘फितूर’ला वेशीवर अडवायचं कारण काय? तो शब्द मराठीत इतका मुरलाय की त्याच्यापासून आपण ‘फितवणे’, ‘फितुरी’ करून मोकळे झालो.

माझी खरी अडचण वेगळी आहे. लबाड, कपटी, फितूर ही माणसाला चिकटणारी नावं आहेत. बक्षीस खेळीला द्या. ‘बेमालूम सोंग’ असं नाव ठेवा आणि ते एका डावातल्या खेळाला द्या. १३ जणांत ३ माफिया असतील, तर १३ डावांत सरासरी ३ वेळा ती भूमिका वाट्याला येते. कुणाला ६ वेळा आली, कुणाला एकदाच. ‘वर्षातला सर्वोत्कृष्ट माफिया’ म्हटलं की ६ वेळा आलेला आपोआप पुढे सरकतो. एका डावाचं नाव घेतलं की एकदाच खेळलेलाही शर्यतीत राहतो.

काजवा:
‘बेमालूम सोंग’ फार आवडलं! मग गावकऱ्यांसाठी ‘अचूक शंका’?

जुनी वही:
‘अचूक संशय’. शंका विचारतात, संशय घेतात. शंका विषयाची असते, संशय माणसाचा. आणि बक्षीस नको, ‘पारितोषिक’ म्हणा. त्यात परितोष आहे.

अडकित्ता:
पुरस्कारात पुढे करणं आहे, ‘मताचा पुरस्कार करणे’ त्यातूनच आलं. काहीही म्हणा, फक्त ‘उत्तेजनार्थ’ ठेवू नका. मला शाळेत ते ३ वेळा मिळालं होतं. प्रत्येक वेळी घरी जाऊन सांगावंसं वाटलं नाही.

शंकेखोर:
सोंगाला ढोंगाचा वास येतो, हे लक्षात घ्या.

अडकित्ता:
सोंग आणतात, ढोंग करतात. सोंग वठवायला अंगात कला लागते. हा वास मला तरी येत नाही.

काजवा:
अजून एक मनाला लागलेली गोष्ट. गेल्या वर्षी सलग ४ डावांत माफियाने मला पहिल्याच रात्री मारलं. जो चांगला तर्क करतो त्यालाच ते आधी उडवतात, म्हणजे चांगलं खेळण्याची शिक्षाच. दिवस उजाडतो आणि आपल्याला बोलायलाच मिळत नाही. मग ‘अचूक संशय’ मोजणार कुठून? अशा खेळाडूंसाठी ‘हुतात्मा’ असा विभाग ठेवावा म्हणते.

जुनी वही:
कृपा करून नको. ज्याने स्वतःहून आत्म्याची आहुती दिली तो हुतात्मा. तुम्ही झोपेत मारल्या गेलात, तो बळी. शब्द ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यासाठी राहू द्या.

शंकेखोर:
इथे मी जुनी वहींच्या बाजूने.

अडकित्ता:
मीही. पण डॉक्टरला, म्हणजे रात्री एखाद्याला वाचवू शकणाऱ्या गावकऱ्याला, वाचवण्यासाठी जो स्वतःवर संशय ओढवून घेतो आणि मुद्दाम फाशी जातो, त्याचं काय? बळी दिला जातो, तो तर स्वतः गेला. त्याला ‘बळी’ म्हणणं अन्याय आहे.

जुनी वही:
‘आत्मबळी’? छे, आत्मबळ वाटेल. ‘स्वतःहून गेलेला गडी’?

शंकेखोर:
गडी म्हणजे नोकर.

जुनी वही:
गडी म्हणजे खेळातला भिडू. ‘गडी बाद झाला’ कधी ऐकलं नाही का?

काजवा:
यादी उद्या द्यायची आहे. ‘बेमालूम सोंग’ आणि ‘अचूक संशय’ नक्की केले, दोन्ही एका डावासाठी. पहिल्या रात्री गेलेल्यांसाठी निदान एवढा नियम घालते की त्यांचे ते डाव मोजणीत धरायचे नाहीत. न्याय्य की निःपक्षपाती, तेवढं कुणी सांगाल का?

शंकेखोर:
‘गडी बाद’ क्रिकेटमुळे रुळला. त्याआधी गडी म्हणजे कामाचा माणूसच.

जुनी वही:
पत्त्यांच्या डावातही गडीच वाटून घेतात. क्रिकेटचं काय घेऊन बसलात?