प्रवास-फेलोशिपसाठी लेखनप्रकल्प: प्रस्ताव आणि अंदाजपत्रक कसं मांडायचं?

प्रश्न
कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. आठ आठवड्यांच्या प्रवास-फेलोशिपला अर्ज करायचाय. विषय: पूल झाल्यावर बंद पडत चाललेल्या नावा आणि नावाडी, त्यावर दीर्घ लेखांची मालिका. तीन देशांतल्या सहा नद्या धरल्या आहेत. समिती नेमकं काय बघते?

उत्तर १
सहा नद्या फार होतात. ५६ दिवसांत सहा ठिकाणं म्हणजे प्रत्येकी जेमतेम नऊ दिवस. त्यातले दोन प्रवासात जातात, एखादा पावसात किंवा आजारपणात. उरलेल्या दिवसांत नावाडी ओळखही धड देत नाही. नाव लागते असे दोनच धक्के घ्या.

प्रस्तावात काम दिसलं पाहिजे. 'नदीकाठच्या जीवनाचा वेध घेणार' यातून समितीला काहीच कळत नाही. 'पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत नावेतच, असे दहा दिवस' यातून कळतं. भाडं कोण गोळा करतं, सायकलीचं वेगळं पडतं का, पाणी चढलं की नाव कुठे बांधतात, असे चार-पाच प्रश्न सरळ लिहा. हे घरी बसून का होणार नाही, ते पहिल्याच परिच्छेदात यावं. आणि नमुना म्हणून परीक्षेतला निबंध अजिबात जोडू नका. माणसं बोलताना दिसतील असं काहीतरी द्या.

उत्तर २
आधी नियम वाचा, फेलोशिपगणिक ते फार बदलतात. अमेरिकेतली १९६८ साली सुरू झालेली वॉटसन फेलोशिप वर्षभराची असते. त्या काळात मायदेशी परतता येत नाही आणि पगारी नोकरीही चालत नाही. व्हिसाचंही तसंच. अनेक देशांत पत्रकारितेसाठी वेगळा व्हिसा लागतो, पर्यटक व्हिसावर मुलाखती घेणं अंगाशी येऊ शकतं. दूतावासाला लेखी विचारा, आलेलं उत्तर जपून ठेवा. युरोपातल्या शेंगेन देशांत (एकच व्हिसा चालणाऱ्या देशांचा गट) मिळून १८० दिवसांत ९० दिवस राहण्याची मर्यादा आहे.

उत्तर ३
अंदाजपत्रकात तिकीट आणि मुक्काम सगळेच लिहितात. लिहायचे राहून जातात ते खर्च: दुभाषा, विमा, व्हिसा शुल्क, स्थानिक प्रवास. वर एकूण रकमेच्या दहा टक्के अडीअडचणीसाठी ठेवा. दुभाष्याचे पैसे दिवसावर धरा, मुलाखतीवर नको. नाहीतर त्याला प्रत्येक बोलणं लवकर आटपायची घाई होते.

सगळ्यात जास्त फसतो तो वेळेचा हिशेब. एका तासाचं ध्वनिमुद्रण उतरवायला चार-पाच तास सहज लागतात, अनुवाद असेल तर आणखी. म्हणून दिवसाला एकच मोठी मुलाखत. बोलणाऱ्याचं नाव आणि छायाचित्र वापरायची परवानगी सुरुवातीलाच, त्याच्या भाषेत, ध्वनिमुद्रणातच घ्या. नावेत इंजिनाचा आवाज बोलणं गिळून टाकतो. कॉलरचा माइक वापरा आणि महत्त्वाचं बोलणं काठावर करा. टिपणं त्याच रात्री सविस्तर लिहा. दोन दिवसांनी 'दोर भिजला की आखडतो' एवढंच वहीत सापडतं, ते कोण आणि कशावरून म्हणालं ते गेलेलं असतं.