एजंटशी ‘एक्स्क्लुझिव्ह’ करार: नवख्याने सही करावी का?

विशाखा
रिसेल फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच पैसे घालणाऱ्याकडून काही एजंट सही मागतात: सहा महिने दुसऱ्या कोणामार्फत घ्यायचं नाही. माझं मत स्पष्ट आहे, करू नका. घात एका ओळीत असतो: ‘टोकन देताच २ टक्के दलाली देय.’ ६० लाखांच्या फ्लॅटवर १,२०,०००. एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर १८ टक्क्यांचे आणखी २१,६००. पुढे सर्च रिपोर्टमध्ये, म्हणजे वकिलाने केलेल्या मालकीच्या तपासणीत, जुन्या कर्जाचा बोजा निघाला, बँकेने कर्ज नाकारलं, व्यवहार फिसकटला, तरी दलालीचा तगादा सुरूच. वेगळं काही ठरलं नसेल तर काम पुरं होईपर्यंत एजंटचा मोबदला देय होत नाही, असं भारतीय करार कायद्याचं कलम २१९ सांगतं. या ओळीखाली सही केली की तो आधार गेला.

अनिकेत
विशाखाताई, ओळ वाईट आहे म्हणून कागदच नको, हे पटत नाही. कागद नसेल तर एजंट नक्की कोणाचा? तो विकणाऱ्याकडूनही दलाली घेत असेल, तर तुमच्यासाठी भाव पाडायला तो कशाला झटेल? दुसऱ्या बाजूकडून किती घेणार, फ्लॅट त्याचा स्वतःचा किंवा नात्यातला आहे का, हे लिहून घ्या. ती ओळ खोडून घाला: दलालीचे २५ टक्के साठेखत (विक्रीचा आधीचा करार) नोंदल्यावर, ७५ टक्के खरेदीखत नोंदून इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) हातात आल्यावर. मुदत ६० दिवस. भागही नावानिशी, ‘पुणे’ नको, ‘कर्वेनगर आणि वारजे’.

विशाखा
मुदत संपली तरी सुटका कुठे होते? ‘दाखवलेला फ्लॅट पुढच्या सहा महिन्यांत घेतला तरी दलाली लागू’ हे खाली बारीक अक्षरात असतंच. व्हॉट्सॲपवर चाळीस फोटो ढकलले की चाळीसही ‘दाखवलेले’.

सुहास
त्यासाठी साइट व्हिजिटची चिठ्ठी करा. तारीख, सोसायटी, विंग, फ्लॅट नंबर, दोघांच्या सह्या. ‘चिठ्ठीत नाही तो फ्लॅट दाखवलेला नाही’ हे वाक्य करारात हवं. शिवाय बिल्डरचे नवे प्रकल्प करारातून वगळा. तिथे एजंटला सहसा बिल्डरच पैसे देतो, मग तुम्ही पुन्हा का द्यायचे? त्या व्यवहारांसाठी रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम ९ नुसार एजंटची नोंदणी बंधनकारक आहे. त्याचा नोंदणी नंबर महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) साइटवर टाकून मुदत संपलेली नाही ना, तेवढं बघा.

अनिकेत
चिठ्ठी मान्य. पण एक्स्क्लुझिव्हला सरसकट नकार नको. तोच फ्लॅट चार एजंटांमार्फत विचारलात, तर विकणाऱ्याला चार गिऱ्हाईकं दिसतात आणि भाव चढतो.

विशाखा
त्यासाठी एका फ्लॅटपुरता एक एजंट ठेवा, सहा महिने कशाला बांधून घ्यायचं? सही करणारच असाल तर ‘७ दिवसांच्या लेखी सूचनेने करार संपेल, भरपाई नाही’ हे आधी घालून घ्या. ते नसेल आणि पुरेशा कारणाशिवाय मुदतीआधी मोडलात, तर करार कायद्याच्या कलम २०५ खाली एजंट भरपाई मागू शकतो.