सासूबाईंच्या पाटल्या आधी सोडवू की सोसायटीचं कर्ज आधी फेडू?

वडगावची सून

नमस्कार मंडळी. मी बेळगावात वडगावला राहतो. मालक उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहेत, हातात १९,००० पडतात, पगार ७ ते १० तारखेच्या मध्ये कधीतरी. मी घरात ब्लाऊज शिवतो, फॉल-पिको करतो, त्याचे सरासरी ३,००० धरा. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० येतात, पण कुठल्या तारखेला ते विचारू नका.

आता देणं. सोसायटीचं, म्हणजे पतसंस्थेचं, १ लाखाचं कर्ज, २४ महिने, बारा टक्के, हप्ता ५,१६७, त्यातलं अजून वर्ष राहिलंय. महिला गटातून घेतलेलं फायनान्सचं कर्ज, दर मंगळवारी ७५०. आणि सासूबाईंच्या पाटल्या दुसऱ्या एका सोसायटीत ठेवल्यात, त्यावर ८०,०००, तेही बारा टक्के. तिथं नुसतं व्याज भरून फिरवतोय. यावर सासऱ्यांनी चालू केलेली रोज १०० ची पिग्मी, म्हणजे एजंट रोज गोळा करून नेतो ती बचत, आहेच. पिग्मी थांबवायची नाही हा घरातला कायदा.

मे महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न. सासूबाई म्हणूलेत, आधी पाटल्या सोडवा, भाचीच्या... म्हणजे नातीच्या लग्नात मोकळ्या हातानं कशी उभी राहू? मालक म्हणतात, दोन्हीकडं बाराच टक्के, मग मोठा हप्ता आधी संपवूया. मला दोघांचंही पटतंय, तीच अडचण. हॉटेल बंद, किराणा कमी केला, तरी २० तारखेनंतर शेजारच्या अक्कांकडून हजार-दीड हजार हातउसने घ्यावे लागतात. कुठं गळतंय कळंना झालंय.

शहापूर

वहिनी, किराणा गल्लीतल्या दुकानातून उधारीवर आणत असाल तर आधी ते थांबवा. रविवार पेठेत महिन्याचं एकदम घ्या, दोन घरांनी मिळून घेतलं तर आणखी परवडतं. आणि लाईट बिल बघा. गृहज्योती या फुकट विजेच्या योजनेत २०० युनिटच्या वर गेलं की पूर्ण बिल आपल्या गळ्यात. शिलाई मशीनला मोटर असेल तर मे महिन्यात कूलर आणि मोटर मिळून तो आकडा ओलांडतो, आमच्याकडं ओलांडलाय.

निवृत्त कारकून

सूनबाई, सोसायटीच्या काउंटरच्या आतल्या बाजूला माझी नोकरी गेली, म्हणून सांगतो. तुमच्या घरातली दोन "बारा टक्के" एक नाहीत.

पाटल्यांवरचे बारा टक्के खरे बारा. ८०,००० वर महिन्याला ८०० रुपये. उद्या त्यात १०,००० भरलेत तर व्याज लगेच ७०० वर येतं.

सोसायटीचे बारा टक्के फ्लॅट आहेत. तुमचा हप्ताच सांगतोय. १ लाखावर दोन वर्षांचे २४,००० व्याज आधीच मिळवले, १,२४,००० ला २४ नी भागलं, ५,१६७ आले. म्हणजे तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत देताय आणि व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण लाखावरच देताय. घटत्या बाकीवर हाच दर काढला तर साडेएकवीसच्या पुढं जातो. कर्ज घेणारे काउंटरवर फक्त "किती टक्के" एवढंच विचारतात. "फ्लॅट की घटतं" हे विचारणारे फार कमी.

तेव्हा पाटल्या हे तुमचं सगळ्यात स्वस्त कर्ज. ते शेवटी. सासूबाईंना वाईट वाटेल, पण व्याज वेळेवर भरलं तर पाटल्या कुठं जात नाहीत. व्याज तुंबू दिलं तर मात्र लिलावाची नोटीस येते, तेवढं सांभाळा.

म्हणून सोसायटी आधी फेडा, असंही मी लगेच म्हणणार नाही. आधी जाऊन एकच विचारा: आज खातं मिटवलं तर किती भरायचं? आकडा कागदावर लिहून घ्या. तुमचे बारा हप्ते म्हणजे ६२,००० राहिलेत, त्यात मुद्दल त्यांच्या हिशेबानं ५०,०००. पुढचं व्याज सोडत असतील तर आधी भरण्यात फायदा आहे. "सगळे ६२ भरा" म्हणाले तर आधी भरून तुमचा एक पैसा वाचत नाही. मग हप्ता चालू द्या आणि जादा पैसा मंगळवारच्या कर्जात घाला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्सचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, तिथं त्यांचा पोटनियम चालतो.

आता गळती. मंगळवारचे ७५० तुम्ही महिन्याला ३,००० धरत असणार. पाच मंगळवार आले की ३,७५० होतात. त्यात पिग्मी रोज १००, म्हणजे ३,०००. हप्ता, मंगळवार, पाटल्यांचं व्याज आणि पिग्मी मिळून महिन्याला सरासरी १२,२०० च्या आसपास जातात, तुमच्या २४,००० तले निम्म्याच्या वर. गृहलक्ष्मी लांबली की अक्कांचं दार. किराण्यातून तुम्ही किती काढणार? तिथं आता काही उरलेलं नाही.

पिग्मी थांबवा. सासऱ्यांचा मान राखून सांगतो, पिग्मीला तीन-चार टक्के मिळतात आणि तुम्ही दुसरीकडं वीसच्या वर भरताय. शिवाय बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या पिग्मीला तो नाही. एका महिन्याच्या घरखर्चाएवढे ठेवून बाकीचे कर्जात जाऊ देत.

पगार झाला त्याच दिवशी महिन्यातले सगळे मंगळवार मोजून तेवढी रक्कम वेगळ्या डब्यात काढून ठेवा. सोसायटीला हप्त्याची तारीख १२ करून मागा, अर्ज दिला तर बहुतेक जण करून देतात.

निपाणीकर

कारकून साहेबांचा हिशेब बरोबर आहे, पण लग्नघरात हिशेब चालत नाही. सासूबाईंनी आयुष्यभर घातलेल्या पाटल्या आहेत त्या. माझं म्हणणं, त्याच पाटल्या सोसायटीतून काढून राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवा. बँकेचा दर बहुधा बाराच्या खाली मिळतो. सोन्याचा भाव वाढलाय, त्यामुळं कदाचित एकाच पाटलीवर ८०,००० मिळतील आणि दुसरी घरी येईल. जास्त मिळतंय म्हणून जास्त उचलू मात्र नका.

निवृत्त कारकून

निपाणीकर, हे बेस सांगितलंत. फक्त बँकेची मूल्यांकन फी आणि जुन्या सोसायटीचं व्याज दोन्ही धरून बघा.

खानापूर

फायनान्सच्या कार्डावर व्याजदर लिहिलेला असतो, तो वाचा ताई. आमच्याकडं सगळं कन्नडमध्ये दिलेलं आणि बायका अंगठ्यासारखी मराठीत सही करून मोकळ्या. करार आणि कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा नियम आहे, मराठीत मागा. आणि एखादा मंगळवार चुकला म्हणून कोणी दारात येऊन बसला तर घाबरू नका, २०२५ मध्ये कर्नाटकानं त्यासाठी वेगळा कायदा केलाय.

वडगावची सून

सगळ्यांचे आभार. कार्ड कन्नडमध्येच होतं. मुलगा मराठी शाळेत आहे पण त्याला कन्नड विषय आहे, त्यानं वाचून सांगितलं: २४ टक्के, घटत्या बाकीवर. राहिलेत १८,०००. सोसायटीत जाऊन विचारलं, ते ६२ हजारच मागतात. काउंटरवरचा म्हणाला, "आधी का भरताय, हप्ता नीट चाललाय की." त्यामुळं तिकडं हप्ताच चालू ठेवणार.

पिग्मीत ३३,००० आहेत. त्यातून मंगळवारचं कर्ज मिटवायचं असं मालकांच्या आणि माझ्या मनात आहे. सासरे पेपरातून डोकं वर न काढता "बघू" म्हणालेत, म्हणजे अर्धं काम झालं. एक पाटली घरी येईल म्हटल्यावर सासूबाईंनी कुठल्या हातात घालायची ते ठरवूनही टाकलं. कारकून साहेब, पिग्मी मध्येच मोडली तर कापतात काय? वर्ष भरायला अजून महिना आहे. आमच्या सोसायटीचा पिग्मी एजंट म्हणाला, मोडू नका, पिग्मीवरच कर्ज देतो.

निवृत्त कारकून

तो देणारच, त्याचं कमिशन चालू राहतं. पिग्मीवर कर्ज घेऊ नका. वर्षाच्या आत मोडली तर बहुतेक ठिकाणी व्याज देत नाहीत, वर एजंटाचं कमिशनही कापतात. एकच महिना राहिला असेल तर थांबा, फक्त तोवर मंगळवार चुकवू नका, गटातल्या बाकीच्या बायकांवर येतं. वर्ष भरलं की पासबुक घेऊन स्वतः काउंटरवर जा, एजंटाच्या हातात देऊ नका.