टँगोतली बिस्किटांची ओळ कशी गावी?

मध्यसप्तक
दोन वर्षं स्पॅनिश शिकतेय, गाणं लहानपणापासून. सध्या 'मी नोचे त्रिस्ते' (माझी दुःखी रात्र) हा टँगो बसवतेय. शब्द पास्कुआल कोंतुर्सीचे, अर्जेंटिनाचा टँगोगायक कार्लोस गार्देलनं १९१७ साली ध्वनिमुद्रित केलेलं. बाई सोडून गेलीय, गाण्यातला माणूस खोलीत एकटा.

पहिल्याच ओळीतले 'पेरकांता' आणि 'आमुरास्ते' माझ्या शब्दकोशात नाहीत. त्याहून मोठी अडचण पुढे आहे. तो म्हणतो, माते (तिकडचं चहासारखं पेय) पिताना खायला मी अजून बिस्किटं आणतो, जणू तू आहेसच. इथं दर वेळी माझा गळा दाटतो आणि सूर हलतो. आपल्याकडे विरहाचं गाणं बहुतेक बाईच्या तोंडी. पुरुषाचं हे दुःख कोणत्या आवाजात गायचं?

डेक_कॅडेट
ते शब्द लुनफार्दोतले, म्हणजे ब्वेनोस आयरेसच्या गल्लीबोळांतल्या बोलीतले. इटलीहून आलेल्या लोकांचे बरेच शब्द तिच्यात मिसळलेत. पेरकांता म्हणजे बाई, प्रेयसी. आमुरार म्हणजे टाकून जाणं. 'बाई गं, ऐन उमेदीत मला टाकून गेलीस' असं काहीसं.

बिस्किटांबद्दल सांगतो. सोयातेल भरायला आमचं जहाज अर्जेंटिनाच्या रोसारियो बंदराला लागायचं. तिथं गोदीवर माते एकाच भोपळ्यातून, एकाच नळीनं, आळीपाळीनं पितात. एकानं पाणी ओतायचं, दुसऱ्याच्या हाती द्यायचं. गाण्यात ज्याच्या हाती द्यायचं ते माणूसच आता घरात नाही, तरी हा बिस्किटं आणतो.

जुनी_तबकडी
मध्यसप्तक, ती ओळ अजिबात रडून गाऊ नका. वाण्याकडून काय आणलं ते घरात सांगतो ना, तशी गा.

गाण्यात रडतं कोण ते बघा. आरसा धुरकटलाय, जणू तोच रडलाय. दिवा पेटायला तयार नाही. दोघं दिसत नाहीत म्हणून खाट चिडते. गिटार कपाटात टांगलेली, तिला कोणी हात लावत नाही. एकाच रंगाच्या फिती बांधलेल्या तिच्या छोट्या बाटल्याही गेल्या. बहुतेक रडणं कोंतुर्सीनं वस्तूंवर सोपवलंय. माणसाला रडावंसं वाटतं एवढंच, आणि रात्री तो दार उघडं ठेवून झोपतो, ती येईल म्हणून. गार्देलच्या त्या मुद्रणात साथीला गिटार आहे, बाकी काही नाही. ते ऐका, तो शब्द किती सरळ टाकतो!

डेक_कॅडेट
अगदी खरं. होमेरो मान्सीनं लिहिलेला १९४८चा टँगो 'सूर' (स्पॅनिशमध्ये दक्षिण) हाही असाच आहे. चाल आनिबाल त्रोइलोची. काचेला टेकून तुझी वाट बघणारा मी आता तुला कधी दिसणार नाही, एवढंच तो म्हणतो. बाकी गाणं चिखल, लोहाराचा कोपरा, ब्वेनोस आयरेसमधल्या पोंपेया वस्तीपलीकडचा पूर यांनी भरलेलं. त्यातल्या सान हुआन आणि बोएदो या रस्त्यांच्या चौकात मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो होतो. खाली मेट्रो, वर गाड्या, चिखल कुठंच नाही. तरी एका दुकानाच्या काचेला पाठ टेकून दहा मिनिटं थांबलो.

मध्यसप्तक
काल रात्री तानपुरा बंद ठेवून नुसते शब्द म्हटले, बाजारहाट सांगितल्यासारखे. बिस्किटांच्या ओळीवर सूर जागेवर राहिला. पण मग आरशाच्या ओळीवर गळा दाटला. आता तिथून सुरुवात करते.