चिंक्वे तेर्रेची पाच गावं एका दिवसात चालून होतात का? सोबत आई आहे, वय ६१

दांडियाबाजारची_लेक:
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी, नवरा आणि आई असे तिघं इटलीला जातोय, व्हिसा आलाय, तिकिटं झालीयेत. माझं कितीतरी वर्षांचं स्वप्न आहे ते चिंक्वे तेर्रे, म्हणजे समुद्राच्या कड्यावरची ती पाच रंगीत गावं, आणि ती पायी करायचीत. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कॉर्निलिया, मानारोला, रिओमाज्जोरे. व्हिडिओत सगळे सांगतात की सगळी वाट मिळून १२ किलोमीटर आहे, दिवसात आरामात होते. आम्ही दोघं कमाटीबागेत रोज ५ किमी चालतो, आई पण ३ चालते, पण तिचा उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो. तिला हॉटेलात बसवून आपण फिरायचं हे मला अजिबात नकोय, बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच कुठे लांब निघतेय. कुणी जाऊन आलं असेल तर खरं काय ते सांगा, एका दिवसात होईल का आणि आईला कुठला भाग जमेल?

मांडवी_ते_माची:
ताई, मी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट, किलोमीटर बघूच नका, पायऱ्या बघा. कमाटीबागेतले ५ किमी आणि तिथले ५ किमी यांचा काही संबंध नाही. मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा जेमतेम साडेतीन किमी आहे आणि मला दोन तास लागले, मी रविवारी पावागड चढणारा माणूस आहे तरी. पायऱ्या दगडाच्या, एक वीतभर तर पुढची गुडघ्याइतकी, काही ठिकाणी वाट एवढी अरुंद की समोरून माणूस आला तर एकानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, आणि दुसऱ्या बाजूला सरळ खाली समुद्र.

दुसरं म्हणजे ती सलग वाट आता सलग नाहीच. कॉर्निलिया ते मानारोला हा खालचा, समुद्रालगतचा तुकडा दरडीमुळे गेली कित्येक वर्षं बंद आहे, व्हिडिओवाले हे सांगत नाहीत. त्याच्याऐवजी वरून व्होलास्त्रा गावावरून जावं लागतं, म्हणजे समुद्रापासून तीनशे मीटरच्या वर चढायचं आणि परत तेवढंच उतरायचं. वाट अतिशय सुंदर, द्राक्षांच्या मळ्यांमधून जाते, पण शेवटी मानारोलाकडची उतरण म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. आईंना तिथे नेऊ नका, अगदी कळकळीनं सांगतोय. चढताना दम लागतो तो बसलं की जातो, उतरताना दुखावलेला गुडघा पुढचे आठ दिवस सोडत नाही.

आईंसाठी व्हिया देल्लामोरे आहे ना! रिओमाज्जोरे ते मानारोला, जवळपास एक किलोमीटर, सपाट, कड्यात कोरलेला रस्ता, एका बाजूला कठडा आणि त्याखाली लाटा. २०१२ मध्ये तिथे दरड पडून माणसं जखमी झाली तेव्हा बंद केला होता, तो २०२४ मध्ये पुन्हा उघडला. त्याचं तिकीट वेगळं असतं आणि वेळ ठरवून आधी बुक करावं लागतं, तेवढं आजच करून टाका. आई तो आरामात चालतील आणि समुद्र पण इतक्या जवळून दिसेल की वेगळं काही बघायची गरज नाही.

बाकी गावांमध्ये ट्रेन आहे, दोन गावांत चार-पाच मिनिटांचं अंतर. ट्रेनवालं 'चिंक्वे तेर्रे कार्ड' घ्या, त्यात दिवसभर कितीही वेळा चढा-उतरा, आणि मोंतेरोस्सो-वेर्नात्सा-कॉर्निलिया या वाटेवर चालायला जे तिकीट लागतं ते पण त्यातच येतं. फक्त कॉर्निलियाला सावध राहा, ते एकटंच गाव समुद्राला लागून नाही, शंभरेक मीटर उंच टेकाडावर आहे, आणि स्टेशनवरून वर जायला लार्दारिना नावाचा ३३ टप्प्यांचा जिना आहे, ३८० च्या आसपास पायऱ्या. तिथे स्टेशनबाहेरून छोटी बस वर जाते, ती पण कार्डात येते, आईंना बसनंच न्या.

एक माझी चूक सांगतो. पहाटे पाऊस पडून गेला होता, मी घाईनं निघालो, वेर्नात्साच्या वर ओल्या दगडावर पाय सटकला आणि तळहात पार सोलून निघाला. मागून येणाऱ्या एका आजोबांनी हात देऊन उठवलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी जखमेवर ओतलं. दोन तास थांबलो असतो तर दगड सुकले असते.

खंडेराव_मार्केट:
वरचं सगळं बरोबर. बूट चांगल्या ग्रिपचे घ्या, चपला-सँडल घालून या वाटांवर जायला मनाई आहे, ५० ते २५०० युरो दंड आहे. मे मध्ये दुपारी ऊन चांगलंच लागतं, सावली कमी, सकाळी आठच्या आत वाटेला लागा. गावात नळाचं पाणी पिण्याचं असतं, बाटली भरून घ्यायची. थेपले आणि छुंदा (कैरीचं गोड लोणचं) घेऊन जा, आम्ही वेर्नात्साच्या धक्क्यावर बसून खाल्ले. आणि शाकाहारी असाल तर तिथे फारिनाता नक्की खा, हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल, मीठ, बस. भट्टीत मोठ्या गोल ताटात भाजतात, बाहेरून कडक, आतून मऊ. आपला पुडलाच, म्हणजे बेसनाचं धिरडं, आईंना घरचं वाटेल.

बांध_आणि_बंधारा:
मी सिव्हिलवाला आहे आणि मला या जागेबद्दल एक गोष्ट सांगायचीच आहे, कारण लोक रंगीत घरांचे फोटो काढून परत येतात आणि ज्याच्यावर ही गावं उभी आहेत ते बघतच नाहीत. तुम्ही चालाल तेव्हा हाताला लागणारी प्रत्येक भिंत बघा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड, फटी बारक्या दगडांनी भरलेल्या, मागे खडीचा थर. पाऊस पडला की पाणी फटीतून झिरपून निघून जातं, भिंतीमागे दाब साचत नाही, म्हणून ती उभी राहते. सिमेंटची भिंत असती तर पाण्याला निघायला वेगळी भोकं ठेवावी लागली असती. उभ्या कड्यावर हजारेक वर्षं शेतकऱ्यांनी अशी पायऱ्यांची शेती रचली, म्हणून तर १९९७ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं, आणि अशी कोरडी भिंत रचायच्या कलेला २०१८ मध्ये वेगळा मान दिला, इटलीसह आठ देशांना मिळून.

पण तरुण पोरं शेती सोडून शहरात गेली, मळे ओस पडले, भिंतीतला एक दगड पडला तर तो परत बसवायला माणूस नाही. एक दगड निघाला की शेजारचे चार सैल होतात, मग भिंत फुगून बाहेर येते, मग माती खाली. २५ ऑक्टोबर २०११ ला ढगफुटीसारखा पाऊस झाला तेव्हा वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखल-दगडांखाली गाडले गेले, दुकानं पहिल्या मजल्यापर्यंत भरली. पाऊस भयंकर होताच, पण वरच्या पडीक मळ्यांची माती पण त्यात आली. म्हणून ताई, भिंतीवर चढून फोटो काढू नका, शॉर्टकट मारू नका, आणि वाटेचं तिकीट महाग वाटलं तरी घ्या, ते नॅशनल पार्कचं आहे आणि याच वाटा त्यांना सांभाळायच्या असतात. मळ्यांमधून एक बारीक दातेरी रूळ वर गेलेला दिसेल, द्राक्षं वाहायला, तो दिसला तर आईंना नक्की दाखवा.

मांडवी_ते_माची:
काका, हे मला माहीत असतं तर मी त्या भिंतींना हात लावून बघितलं असतं. मी फक्त सरडे पळताना बघितले.

दांडियाबाजारची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. आता असं ठरतंय, जवळच्या ला स्पेत्सिया शहरात तीन रात्री राहायचं, एका दिवसाचा हट्ट सोडला. पहिल्या दिवशी तिघं व्हिया देल्लामोरे, बुकिंग काल रात्रीच केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सकाळी मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा चालणार आणि आई उशिरा ट्रेननं वेर्नात्साला येणार, ती म्हणते मी एकटी ट्रेनमध्ये बसू शकते, मला लहान मूल समजू नका. तिसरा दिवस मोकळा. यासाठी गेल्या रविवारी पावागडला गेलो होतो, आईनं उडनखटोला (रोपवे) जाताना घेतला आणि उतरताना पण घेतला, आम्ही दोघं मात्र माचीपर्यंत पायी उतरलो आणि खरंच सांगते, दोन दिवस मांड्या भरून आल्या होत्या, तेव्हा पायऱ्यांचं कळलं.

एकच राहिलं, तिसऱ्या दिवशी बोटीनं जावं का? आणि आई विचारतेय, तो पुडला नक्की कुठल्या गावात मिळाला?

मांडवी_ते_माची:
बोट नक्की करा, कडे खालून बघितल्याशिवाय ती शेती माणसांनी कुठे रचलीये ते कळतच नाही. कॉर्निलियाला बोट थांबत नाही, बाकी चारही गावांना थांबते. लाटा मोठ्या असल्या तर बोटी बंद ठेवतात, म्हणून दुसऱ्या दिवशी समुद्र शांत दिसला तर दुपारीच उरकून घ्या.

खंडेराव_मार्केट:
मोंतेरोस्सोत. स्टेशनकडून बोगद्यातून चालत जुन्या गावात या, फोकाच्चा (तिथला जाड पाव) विकणारी दुकानं आहेत, तिथे विचारायचं. गरम असेल तरच घ्या, वरून काळी मिरी टाकून मागा.